सरकत्या जिन्याखालचा समाचार

डेलिया कनीली गेली, हे बार्ना गावाला सकाळच्या रेडिओवरून कळलं. गॉलवे शहरात आणि आसपास कोण गेलं ते रोज सकाळी रेडिओवर वाचून दाखवतात, आणि लोक हवामानापेक्षा ते जास्त मन लावून ऐकतात. निवेदिकेने डेलियाचं नाव घेतलं तेव्हा गावातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत लोकांनी चहाचा कप खाली ठेवला. पण खरा धक्का बसला तो पुढच्या वाक्याने.

"अंत्यविधी खासगी. कृपया कोणी घरी समाचाराला येऊ नये."

"येऊ नये?" शेजारचा मॅटी जो बायकोला म्हणाला. "माणूस गेलंय आणि येऊ नये? हे कुठलं नवीन?"

"बायको गेली, फेस्टीचं डोकं फिरलंय दुःखाने."

"फिरलंय ना? मग तर जायलाच पाहिजे."

त्या भागात घरच्यांचा हात हातात घेऊन 'वाईट झालं' म्हटल्याशिवाय मयत पुरं होत नाही. घरचे ओळीने खुर्च्यांवर बसतात. गाव ओळीने पुढे सरकतं. पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत प्रत्येकाचा हात धरायचा. मधला एखादा ओळखीचा नसला तरी त्याचाही धरायचा, कारण ओळीत बसलाय म्हणजे कोणीतरी असणारच. एवढं झालं की गाव मोकळं. फेस्टी कनीलीने गावाला मोकळं होऊ दिलं नाही.

आता खरं कारण. ते फक्त फेस्टीला ठाऊक होतं. डेलिया सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता खाली बसली आणि उठली नाही. त्याच आठवड्यात तिने फेस्टीच्या काळ्या सूटची पँट आल्टर करायला दिली होती. पुतण्याचं लग्न जवळ आलं होतं, आणि डेलियाच्या म्हणण्याप्रमाणे फेस्टीचं पोट आता पँटचं ऐकेनासं झालं होतं. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस घरी आला तेव्हा फेस्टीने कपाट उघडलं. हँगरला नुसता कोट. पँट कुठे दिली ते डेलियाला माहीत, आणि डेलिया आतल्या खोलीत, कधी नव्हे ती गप्प. अंगावरच्या पँटखेरीज धड अशी एकच होती, गुडघ्यांवर चकाकणारी तपकिरी कॉर्डरॉय.

"माणसं साधारण किती धरू?" त्या माणसाने विचारलं.

फेस्टीने सगळं गाव एकेक करून आपल्या तपकिरी गुडघ्यांसमोर वाकताना डोळ्यांपुढे आणलं.

"खासगी," तो म्हणाला.

तेव्हापासून गाव हात धुऊन नव्हे, हात पुढे करून त्याच्या मागे लागलं होतं. फेस्टी दूध आणायला दोन गावं ओलांडून जायचा. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मागे उभा राहायचा आणि शेवटच्या आशीर्वादाआधी सटकायचा. एकदा मॅटी जोने दार ठोठावलं तेव्हा तो सोफ्यामागे आडवा झाला. मॅटी जोही काही कमी नव्हता. त्याने दारातल्या पत्राच्या फटीतून हात कोपरापर्यंत आत घातला आणि म्हणाला, "तू आत आहेस मला माहितीय, लेका. नुसता धर आणि सोड." हात बराच वेळ हवेत हलत राहिला. शेवटी फेस्टीच्या कुत्र्याने तो चाटला.

"हे धरत नाही मी," मॅटी जो बाहेरून म्हणाला.

असा महिना गेला. महिन्याच्या मिस्सेचा, म्हणजे डेलियासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेचा, शनिवार उजाडला, आणि सकाळीच डेलियाच्या बहिणीचा, अट्रॅक्टाचा, फोन आला.

"संध्याकाळी काळा सूट घालून ये."

"बघतो."

"बघू नकोस, घाल. त्या दिवशी तपकिरी पँट घालून उभा राहिलास. माझ्या बहिणीला निरोप देत होतास की गाय विकायला निघाला होतास, कळेना मला. आज सगळं गाव येणार आहे. मी नवीन हॅट घेतलीय."

पँट जिथे दिली होती त्या दुकानाचा नंबराचा बिल्ला डेलियाच्या पर्समध्ये होता. तो फेस्टीला फार आधीच सापडला होता, पण त्याने पर्स पुन्हा होती तशी बंद करून ठेवली होती. आज इलाज नव्हता. त्याने बिल्ला घेतला, तपकिरी पँट चढवली आणि शहरातल्या शॉपिंग सेंटरकडे गाडी काढली. हे सेंटर काही फार मोठं नव्हतं. काचेचं छत, दोन मजले, मधोमध सरकता जिना. शनिवारी तिथे कॉलेजची पोरं आणि पावसाने आत ढकललेली माणसं असत. आपल्याला इथे कोण ओळखतंय, असा फेस्टीचा हिशेब होता.

कपडे दुरुस्तीचं दुकान जिन्याच्या समोरच होतं. दाराला चिठ्ठी: 'दहा मिनिटांत येते.' कधीपासूनची दहा मिनिटं, ते चिठ्ठीत नव्हतं. जिन्याखाली ओळीने खुर्च्या होत्या. एकीवर नव्या तव्याची पिशवी मांडीवर घेऊन एक जाडजूड बाई बसली होती. तिच्या पलीकडे एक लांबुडका विद्यार्थी बटाट्याचे काप खात होता. अगदी टोकाला शेजारच्या कपड्यांच्या दुकानाने काळा कोट घातलेला बाईचा पुतळा बसवून ठेवला होता. फेस्टी अलीकडच्या खुर्चीवर टेकला.

तेवढ्यात दुकानाची मालकीण आली, कुलूप काढलं, दिवा लावला. आत हुकावर एक काळी पँट टांगलेली फेस्टीला इथूनच दिसली. तो उठायला लागला आणि त्याच्या खांद्यावर हात पडला.

"सापडलास!" मॅटी जो म्हणाला. मग जागेचं आणि प्रसंगाचं भान येऊन त्याने टोपी काढली, फेस्टीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आवाज खाली आणला. "वाईट झालं, फेस्टी."

"बरं, मॅटी. मला जरा समोर..."

"उठू नकोस. पायांत त्राण कुठलं असणार." मॅटी जोने त्याला खाली दाबलं आणि सवयीने पुढच्या खुर्चीकडे सरकला. तवेवाल्या बाईचा हात धरला. "वाईट झालं हो."

बाईने तव्याकडे पाहिलं. "हो ना. पहिल्याच दिवशी दांडा निघाला."

मॅटी जोच्या कानांपर्यंत ते पोचलं नाही. तो विद्यार्थ्यापाशी गेला होता. विद्यार्थ्याने कापांची पिशवी डाव्या हातात घेऊन उजवा दिला, कारण समोरून हात आला की द्यायचा असं त्याला घरी शिकवलं होतं. त्याचं नाव लुट्स, आणि तो जर्मनीहून सहा महिन्यांसाठी शिकायला आला होता.

मॅटी जोने बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. कुजबुजल्यासारखा बोलला, पण मॅटी जोची कुजबुज वरच्या मजल्यावर ऐकू जाते. "सापडला! सेंटरात! सरकत्या जिन्याखाली! बसलाय! घरचे पण आहेत!"

शनिवारी अर्धं बार्ना शहरात खरेदीला आलेलं असतं. बघता बघता औषधांच्या दुकानातून, चपलांच्या दुकानातून, वरच्या मजल्यावरून जिन्याने सरकत सरकत बार्नाची माणसं खाली उतरली आणि मॅटी जोच्या मागे ओळीत उभी राहिली. आणि त्या भागात हात धरायची ओळ दिसली की परका माणूसही पुढे जाऊ शकत नाही. कोण गेलं, कुणाचं गेलं, ते मागाहून. आधी ओळीत. पोर्टुम्नाहून बसने आलेला बायकांचा एक अख्खा गट पिशव्यांसकट मागे लागला.

"वाईट झालं."

"वाईट झालं हो."

"हे काय चाललंय?" लुट्सने बाईच्या पलीकडून फेस्टीला विचारलं.

"हात पुढे कर आणि गप्प बस," फेस्टी ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला.

"पण माझं कोणी गेलेलं नाही," लुट्सने समोरच्या म्हातारीला प्रामाणिकपणे सांगितलं.

"सुरुवातीला असंच वाटतं, बाळा," म्हातारीने त्याचा हात थोपटला.

लुट्सने हात तसाच राहू दिला. या शहरात आल्यापासून त्याचा हात कोणी धरला नव्हता. पोर्टुम्नाच्या पहिल्या काही बायका होईपर्यंत त्याचे डोळे भरून आले. ते पाहून मागच्या बायकांनीही रुमाल काढले.

तवेवाल्या बाईचं नाव कन्सेप्टा. ती तुआमची, आणि तिला न्यायला येणारा भाऊ नेहमीसारखा उशीर करत होता. पहिल्या काही जणांना तिने "अहो, मी तवा परत करायला आलेय" असं सांगून पाहिलं. पण लोक मान हलवायचे आणि तव्याकडे असे बघायचे, जणू गेलेल्या बाईची तेवढीच आठवण उरली आहे. शेवटी कन्सेप्टाने नाद सोडला, पाठ ताठ केली आणि ओळीत आपली जागा घेतली.

"तुम्ही बहीण का?" कोणीतरी विचारलं.

"बहिणीसारखीच," कन्सेप्टा म्हणाली.

फेस्टी अधूनमधून उठायचा प्रयत्न करत होता. "मला फक्त समोरून एक पँट..." एवढं म्हटलं की चार हात त्याला खाली बसवत. "पँट म्हणतोय बिचारा. भ्रमलाय." सेंटरच्या पहारेकऱ्याने येऊन परिस्थिती बघितली, टोपी काढली, स्वतःही ओळीतून गेला आणि मग दोरी लावून ओळ सरळ केली. कॅफेवाल्यांनी चहाची किटली आणि हॅमची सँडविचं पाठवली. माणसं बसली आहेत आणि चहा नाही, हे त्यांना बघवेना. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे एक नगरसेवकही कुठूनसा उगवला. त्याने घाईघाईने चारही खुर्च्या केल्या. चौथीवर पुतळ्याचा हात धरून "वाईट झालं, मतदानाला भेटूच" म्हणाला आणि हलवला, तर हात निखळून त्याच्याच हातात आला. त्याने इकडेतिकडे बघितलं, तो हात पुतळ्याच्या मांडीवर नीट ठेवला आणि नाहीसा झाला.

"काय गार पडलीय हो ती," मागची बाई हळहळली. "धक्का बसलाय."

इकडे कन्सेप्टाला रंग चढला होता.

"कशी होती हो?" पोर्टुम्नाच्या एकीने विचारलं.

"देवमाणूस," कन्सेप्टा म्हणाली. "शांत. हातातली माळ कधी सुटली नाही. कुणाला उणा शब्द नाही."

फेस्टीने मान वळवली.

"आवाज तर असा मऊ की पलीकडच्या खोलीत ऐकू जायचा नाही. आणि नवऱ्यासमोर? नवऱ्यासमोर तोंड म्हणून उघडलं नाही कधी."

ओळीतली बार्नाची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आपण चुकीच्या मयताला तर आलो नाही?

"कोण, डेलिया?" फेस्टी म्हणाला. त्याचा आवाज सगळीकडे घुमला. "डेलियाने तोंड उघडलं नाही? अहो बाई, तिने भर चर्चमध्ये उघडलं होतं! अंतिम सामना होता, गॉलवे खेळत होतं, आणि फादरचं प्रवचन संपेना. ही उभी राहिली. सगळ्यांदेखत. म्हणाली, 'फादर, आमेन म्हणा आता, चेंडू मैदानात पडला असेल!'"

"आणि फादरने म्हटलं!" ओळीतून मॅटी जो ओरडला. तो दुसऱ्यांदा ओळीत लागला होता, कारण सँडविचं ओळीच्या शेवटी होती.

"म्हटलं तर! आणि तिच्या मागोमाग पळाला सामना बघायला. शांत म्हणे! कोंबड्यांशी भांडायची ती. कोंबड्या हरायच्या. माझ्या मेहुण्याची होडी तिने गाडी मागे घेता घेता ट्रेलरसकट समुद्रात घातली, तो आत बसलेला असताना, आणि वर त्यालाच म्हणाली, 'उतरायला काय झालं होतं?'"

बार्नाच्या बायकांनी आपापल्या डेलिया काढल्या. एकीच्या लग्नात तिने केक बसल्या जागी चाखून 'पुन्हा कर' म्हणून सांगितलं होतं. एकीच्या नवऱ्याला तिने दारूच्या दुकानातून कान धरून घरी आणलं होतं, आणि तो तिच्या शेजारीच उभा राहून हो म्हणत होता. जिन्यावरून वर जाणारी माणसं हसत होती, खाली येणारी हसत होती. फेस्टी हसत होता. हसता हसता त्याची नजर खाली गुडघ्यांवर गेली. तपकिरी, चकाकणारे गुडघे. इतका वेळ त्यांच्याकडे कोणीही बघितलं नव्हतं.

कन्सेप्टाने तवा खाली ठेवून त्याचा हात धरला. "आधी सांगायचं नाही का मला? अशी बाई असती तर मी कितीतरी बरं सांगितलं असतं."

आणि तेव्हाच समोर खडखड आवाज झाला. कपडे दुरुस्तीच्या दुकानाचं शटर खाली येत होतं. पँट आधी कमरेपर्यंत दिसली, मग गुडघ्यांपर्यंत, मग दिसेनाशी झाली. शेजारच्या चपलांच्या दुकानाने तेच केलं, मग औषधांच्या. दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण टोपी सारखी करून ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. फेस्टी तिची वाट बघत, मधले सगळे हात धरत बसला.

"वाईट झालं," ती म्हणाली. नाव दानुते, मूळची लिथुआनियाची.

"अहो, दुकान का बंद केलंत?"

"मान म्हणून," दानुते म्हणाली. "मला वीस वर्षं झाली इथे. मला रीत शिकवू नका. नवीन होते तेव्हा दारावरून मयत गेलं आणि मी शटर वर ठेवलं. आठ दिवस कुणी बटण लावायलासुद्धा आलं नाही."

"पण माझी पँट आहे आत! आज संध्याकाळी मिस्सा आहे. उघडा की जरा."

"एवढ्या माणसांसमोर? दुखवट्याचं शटर?" दानुते दचकली. "लोक काय म्हणतील? बायको गेलीय आणि याला पँट सुचतेय. सोमवारी या."

फेस्टीने खिशातून बिल्ला काढून दाखवला. दानुतेने तो बघितला, मग फेस्टीला बघितलं, मग त्याच्या पोटाकडे.

"निळा रेनकोट?" तिने विचारलं. "मोठ्याने बोलणारी?"

फेस्टीने मान डोलावली.

"ती गेली?" दानुतेने त्याचा हात पुन्हा धरला, या वेळी रीत म्हणून नव्हे. "मला म्हणाली होती, इंचभर जास्त सैल कर, नाताळ यायचाय. आणि त्याने विचारलं तर कापडच तसं आहे म्हणून सांग. वाढलाय म्हणू नकोस, वाईट वाटतं त्याला."

संध्याकाळी फेस्टी तपकिरी पँटमध्येच मिस्सेला गेला. चर्च भरलं होतं. लुट्स आला होता. कन्सेप्टा तव्यासकट आली होती, आणि तिच्यामागे तिचा उशिरा आलेला भाऊ, कोण गेलं ते विचारत. मिस्सा झाल्यावर अट्रॅक्टा नवीन हॅट घालून दाराशी उभी राहिली. महिनाभर तिने या क्षणाची वाट बघितली होती. हात पुढे, मान किंचित कलती. लोक आले, मान लववून पुढे गेले.

"आमचं झालं हो दुपारी," मॅटी जोची बायको म्हणाली.

"काय झालं?"

"हात धरून. सेंटरात. बहिणीचाही धरला."

"बहीण मी आहे!" अट्रॅक्टा ओरडली. "कुणाचा धरलात?"

मॅटी जोच्या बायकोने कन्सेप्टाकडे बोट दाखवलं. कन्सेप्टाने तव्याची पिशवी पाठीमागे लपवली.

चर्च रिकामं झालं तरी अट्रॅक्टा दाराशीच होती. हॅट थोडी तिरकी झाली होती. फेस्टी सगळ्यांत शेवटी बाहेर आला. खासगी म्हणताना, सोफ्यामागे आडवं होताना, डेलियाच्या बहिणीचाही हात कोणी धरायला हवा हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"वाईट झालं, अट्रॅक्टा."

"पँट तपकिरी आहे," अट्रॅक्टा म्हणाली. पण हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवारी दानुतेने दुकान उघडलं. फेस्टी गेला नाही. पुढच्या आठवड्यात गेला, सरकत्या जिन्याखाली बसला. लुट्स भेटला, त्याने बटाट्याचे काप पुढे केले. दोघांनी मिळून संपवले. समोर हुकावर पँट दिसत होती. मग फेस्टी उठून घरी आला. पुतण्याचं लग्नही त्याने तपकिरी पँटमध्येच उरकलं. इंचभर जास्त सैल केलेली, इस्त्री केलेली काळी पँट अजून दुकानातच आहे. ती आणायची राहिली आहे.